पांढऱ्या पायाचा फिशटँक

मी फिशटँक बोलतोय. बोलायची मला हौस नाही. या वयात पोटात पाणी पेलायचं की तोंड चालवायचं? पण माझ्यात जो नवा पाहुणा उतरलाय, त्याची हकिकत ज्याला त्याला हवी, आणि तो पठ्ठ्या स्वतः अवाक्षर काढत नाही. मग आलं माझ्याच गळ्यात. ऐका, पण काचेवर टकटक करू नका.

काच कापणाऱ्याच्या दुकानात माझा जन्म. तिथून लाँड्रीवाल्याने मला लेकीच्या हट्टापायी घरी आणला. पुढे लाँड्री, मागे घर. पोरीने माझ्यात दोन सोनेरी मासे सोडले. बरे दिवस होते ते.

लाँड्रीवाल्याची बायको मात्र भलती स्वच्छ. डाग दिसला की तिचे हात शिवशिवतात. एका सकाळी तिने मला मोरीत नेला. मी, माझे दगड, फिल्टरचा स्पंज, सगळं कपड्यांच्या पावडरीने घासलं, वरून ब्लीच फिरवलं. मग नळाचं पाणी भरून मासे परत सोडले. मी आरशासारखा चमकलो. संध्याकाळी मासे उलटे तरंगत होते.

पोर रडून रडून झोपली. बाई म्हणाली, "हा टँकच मेला पांढऱ्या पायाचा!" झालं, माझी रवानगी माळ्यावर. पोटात मोडके हँगर, डोक्यावर बिघडलेली इस्त्री. पोर मोठी झाली, नोकरीला परगावी गेली, तरी मी तिथेच.

गेल्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. घर बदलताना तिचा टँक फुटला होता. पाळलेला प्राणी बादलीत घालून ती निघालीसुद्धा होती.

"बाबा, माळ्यावरचा टँक काढा. आणि घर गार ठेवा, उकाड्यात तो मरेल."

"तो कोण?"

"ॲक्सोलॉटल."

"काय लॉटल?"

"पाण्यातच राहतो, बाबा. पालीसारखे पाय, मानेला पिसांसारखे कल्ले. आल्यावर बघा."

लाँड्रीवाल्याने मला खाली उतरवला आणि इस्त्र्या बंद केल्या.

"अहो, गिऱ्हाइकांना काय सांगू?" बायको कडाडली.

"चुरगळलेले घाला म्हणावं आजच्या दिवस."

त्याने मला साध्या पाण्याने विसळला, मागच्या खोलीत अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवला. एवढ्यात बाई पावडर आणि ब्रश घेऊन हजर. "असला कळकट टँक लेकीला दाखवणार?" ब्रश काचेला टेकणार, तोच दारात पोर. हातात बादली.

"आई, पावडर खाली ठेव!"

"अगं, जरा घासते."

"तशीच घासली होतीस तेव्हा. म्हणून माझे मासे गेले."

बाईचा हात तिथेच थांबला.

पोरीने डब्यातून आपल्या फुटक्या टँकमधला स्पंज काढला. काळा, बुळबुळीत. "ही घाण नाही गं. यात बारीक जीव असतात, ते पाण्यातलं विष खातात. हे धुतलं की सगळं संपलं." मग पाणी भरून त्यात औषधाचे थेंब टाकले, नळाच्या पाण्यातलं ब्लीच मारायला. लाँड्रीवाला गोठलेल्या बाटल्या आणून सोडत राहिला. पाणी गार झाल्यावर पोरीने पाहुण्याला अलगद आत घेतलं.

तो तळाशी गेला आणि निपचित पडला. तिघंही समोर बसून. मला दुसरीच धास्ती. हाही गेला तर पोरीचं रडवेलं तोंड पुन्हा मलाच बघायचं, आणि नाव पुन्हा माझंच. सकाळी पोरीने गांडूळ धरलं, तसं त्याने गपकन गिळलं. पोर हसली. इतक्या वर्षांनी ते हसू माझ्या काचेतून दिसलं.

पोर गेली, नवा टँक घेईपर्यंत त्याला इथेच ठेवून. आता बाई रोज न चुकता गार बाटल्या बदलते. स्पंज बघून हात शिवशिवले की पाठीमागे बांधते. त्याला विचारते, "जेवलास का रे बाळा?" गिऱ्हाइकांना सांगते, "ते मासे आणले तेव्हाच आजारी होते हो." मला मात्र एक शब्द नाही.

माझे सांधे सैल झालेत. दमलोय मी. हा पाहुणा आहे तोवर पाणी धरीन, मग खुशाल भंगारात द्या. पण त्याआधी काचेवरून एकदा हात फिरवून "चुकलं माझं" म्हणायला हवं. कुणी म्हणून काय विचारता? लाँड्रीवाल्याच्या बायकोने!