तिसरी की चौथी

परळच्या एका संस्थेने गिरणीत राबलेल्या दोनशे बायकांच्या मुलाखती रेकॉर्ड केल्या होत्या. सगळ्या एकाच सर्व्हरवर. दुसरी प्रत काढायचं राहूनच गेलं होतं. सर्व्हर सांभाळायची अक्षदा.

मंगळवारी गौतम आला. त्याच्या आईची, रमाबाईंची मुलाखत त्याला हवी होती. त्या मार्चमध्ये गेल्या.

"घरात तिचा आवाज कुठेच नाही, मॅडम. मोबाइल समोर धरला की गप्प व्हायची."

अक्षदाने फाइल लावली. खाकरण्याचा आवाज आला आणि सर्व्हर अडकला. कॉपी करायला घेतली, तीही तिथेच थांबली. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : डिस्क कंट्रोलर एरर, डिस्क ३.

"आत सहा डिस्क आहेत," ती म्हणाली. "एक गेली तर बाकीच्या निभावून नेतात. दोन गेल्या तर सगळंच जातं."

"मग तीन नंबरची काढा ना."

"डिस्क चालवणारा कंट्रोलर शून्यापासून मोजत असेल तर तीन म्हणजे चौथी."

डिस्कच्या खणांवर नंबर नव्हते. सहाही दिवे हिरवे. मशीन बंद करून एकेक डिस्क तपासावी, तर इतक्या जुन्या डिस्क परत फिरतील याचा भरवसा नाही. तिने सर्व्हर बसवणाऱ्या प्रफुल्लला फोन लावला.

"अगं, आठ वर्षं झाली. शून्यापासूनच असेल बहुतेक."

"बहुतेक?"

"नक्की कसं सांगू?"

मघाशी मिनिटाला एक येणारी एरर आता थांबतच नव्हती. अक्षदाने चौथी डिस्क ओढून काढली.

सर्व्हरचा अलार्म किंचाळायला लागला. एरर तशीच चालू. तिने घाईघाईने डिस्क परत सरकवली. कंट्रोलर तिच्यावर माहिती नव्याने भरू लागला, पण त्यासाठी बाकीच्या पाचही धड असायला हव्या होत्या. अकरा टक्क्यांवर तिसरीचा दिवा लाल झाला. स्क्रीनवरचे सगळे फोल्डर गेले.

"चुकीची काढली मी," ती म्हणाली. "डेटा काढून देणारे असतात, त्यांच्याकडे पाठवते. पण मिळेल असं नाही सांगू शकत."

गौतमने विचारलं, "काय सांगितलं होतं तिने? तुम्ही ऐकलं असेल ना?"

अक्षदाने एकही मुलाखत कधी ऐकली नव्हती. खोटं बोलायचं तरी काय बोलणार?

"नाही ऐकलं, दादा."

त्याने मान हलवली. तीनची ड्युटी होती, तो उठला.