निळूचा ससा

बाबारावांनी मध्ये गोणपाट टाकलं, तोवर कापूस सशानं भुरीच्या पाठीवरचे केस उपटले होते. नवी आणलेली भुरी मोरीच्या कोपऱ्यात दबकून बसली.

"काहून आणली हिला? मारूनच टाकेल तो," अनसूयाबाई म्हणाल्या.

"जोडीदारीण मेली की ससे झुरतात म्हणे. जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडरच म्हणाला, दुसरी आणा."

"मग इथल्या सदर बाजारातून आणायची चांगली. ही मझौलीच्या बाजारातली, गावंढळ!"

"मी काय लग्न लावून राहिलो का त्याचं?"

कापूस निळूचा, त्यांच्या मुलाचा. निळू लढाईवर बेपत्ता झाल्याची तार आली त्याच आठवड्यात कापसाची जोडीदारीण गेली, आणि त्यानं खाणं सोडलं. हा जगला तर निळू येईल, असं अनसूयाबाईंनी देवापुढं बोलून ठेवलं होतं. बाबाराव आधी त्यांच्यावर चिडले. आता फॅक्टरीत तोफगोळे भरायला निघताना तेही हळूच सशाच्या फासळ्या चाचपत.

दोघांच्या अंगाला एकच ओळखीचा वास हवा, असंही कंपाउंडर म्हणाला होता. बाबारावांनी आपला पंचा भुरीला चोळून पाहिला. पण त्यांच्या पंच्यालाही बारुदीचाच वास. कापूस शिंकून मागं सरला. त्याच्या ओळखीचा वास कुठं आहे, हे बाबारावांना ठाऊक होतं.

अनसूयाबाई उठल्या. फडताळातून घट्ट झाकणाचा पितळी डबा काढला. आत निळूचं न धुतलेलं बनियन होतं, जायच्या दिवशी उतरवून टाकलेलं. रोज त्या झाकण जरासं किलकिलं करत आणि लगेच लावत.

"राहू दे," बाबाराव म्हणाले. "वास जाईल त्याचा."

तोवर अनसूयाबाईंनी भुरीला मांडीवर ओढलंही होतं. तान्ह्याला पुसावं तसं पाठीवरून, कानांमागून, पोटाखालून बनियन फिरवलं. भेदरलेली भुरी त्यावरच मुतली.

खाली सोडल्यावर कापूस जवळ आला. बाबारावांनी गोणपाट उचलून धरलं. कापसानं तिचा कान हुंगला, मान हुंगली, खूप वेळ हुंगली. मग तिला टेकून बसला आणि पुढ्यातली कोथिंबिरीची काडी ओढली.

"खाऊन राहिला! अवो, पाहा तर!"

अनसूयाबाईंनी पाहिलं नाही. त्या बनियन नाकाशी धरून होत्या. गळ्यापाशी, बगलेत, पुन्हा गळ्यापाशी. शेवटी त्यांनी ते नवऱ्यापुढं केलं.

"पाहा बरं. तुम्हाले येते का?"

बाबारावांनी बनियन तोंडावर दाबलं. गवत. मूत. आपल्याच हातांची बारूद.

"येते," ते म्हणाले, बनियन तोंडावरून न काढता.