अर्धवेळ

दुपारी एक वाजला की हौसाची उजवी बाजू घरी जायची आणि डावी आरोग्य उपकेंद्रातच राहायची.

गावाला त्याचं काही नवल वाटलं नाही. तिच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर 'अर्धवेळ परिचर' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. काम मात्र संध्याकाळपर्यंत. झाडा, पाणी भरा, लसीच्या दिवशी वस्त्या हिंडून बायका गोळा करा. हजेरीच्या मशीनवर डावा अंगठा नोंदवलेला, म्हणून डावी तिथं. आणि सासूनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं, "घरी उजवीच येऊ दे गं. डाव्या हातच्या भाकरी कोण खाणार?" झालं, वाटणी ठरली.

संध्याकाळी दोघी चिंचेखाली भेटायच्या. मधोमध ब्लाउजचे हूक लावले की हौसा एक. मग ती तीन वर्षांच्या तनूला डाव्या खांद्यावर घ्यायची. पोरीला दुसरा खांदा चालायचाच नाही. डावीकडं आत कुणीतरी चालतंय, म्हणायची, आणि ते ऐकत झोपायची. दिवसातला तेवढाच वेळ हौसाला आपला वाटायचा.

मग चौकशीचे साहेब आले.

"संध्याकाळी तुम्ही पूर्ण असता, अशी तक्रार आहे."

"ते घरी, साहेब. कामावर नाही."

"पूर्ण बाई घरकुलाच्या योजनेत बसत नाही. यादीतून नाव काढावं लागेल."

तिचा नवरा शेजारीच उभा होता. "नको जुळूस ना मग," तो समजुतीनं म्हणाला. "घर उभं राहीस्तोवर. बाकीच्या बायका राहतातच की."

हौसानं आडाकडं पाहिलं. तिथं नुसते उजवे हात पाणी शेंदत होते.

साहेब गेले नाहीत. उपकेंद्राच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. हौसाचे हूक गंजले. तनू झोपेनाशी झाली, रडून रडून नवव्या दिवशी तापानं फणफणली. उजवीला राहवेना. भर दुपारी तिनं पोरीला काखेत मारलं आणि उपकेंद्र गाठलं.

डावी दारातच होती. "दे इकडं."

तनूनं तिच्या छातीला कान लावला आणि डोळे मिटले. नऊ दिवसांनी पोर निजली. उजवीनं मात्र तनूचा पाय धरून ठेवला होता. तिला तो सोडवत नव्हता.

"दोघींनी एकदम धरू नका," साहेब म्हणाले. "पूर्ण दिसता. एकीनं सोडा."

"तू सोड," डावी म्हणाली.

"तूच सोड," उजवी म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि तनूकडं बघत विचारलं, "मग हिचं कसं लिहू?"

तनूच्या फ्रॉकला मागं दोन बटणं होती, पुढं काहीच नव्हतं. आता गळ्यापासून खालपर्यंत हुकांची ओळ होती, आणि वरचा पहिला हूक सुटलेला होता.