एकसष्ट चुका

शुभाने बावन्नाव्या पानावरची पेन्सिलची खूण खोडरबराने पुसली, फुंकर मारली आणि पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरून पाहिलं. खूण गेली होती. तिच्याखाली कागदात पडलेला खळगा मात्र जागच्या जागी होता. तिच्या सासऱ्यांनी, आत्मारामांनी, पुण्यातल्या एका छापखान्यात अडतीस वर्षं मुद्रितशोधन केलं होतं. त्या सवयीच्या हातापुढे जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या सुपरमार्केटातल्या खोडरबराचं फारसं चालत नव्हतं.

पुस्तक समोरच्या दारातल्या फ्राऊ हान यांचं, म्हणजे हानबाईंचं होतं. त्या सत्तरच्या दशकात कोरियाहून नर्स म्हणून आल्या, इथेच निवृत्त झाल्या आणि आता शुभा ऑफिसातून येईपर्यंत तिच्या नऊ वर्षांच्या लेकीला, संपदाला सांभाळत. त्यांचे पती विद्यापीठात कोरियन शिकवायचे. एका डोंगराळ गावातल्या अकरा कथा त्यांनी कोरियनमधून इंग्रजीत आणल्या होत्या, चाळीस पानी प्रस्तावना आणि पाऊणशे टिपांसकट. जर्मनीत कुणी छापेना, म्हणून इंग्रजी. ज्या छोट्या प्रकाशनाने पुस्तक काढलं ते वर्षभरात बंद पडलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसावा. पुढे पतीही गेले.

आत्माराम नव्वद दिवसांच्या व्हिसावर आले होते. पहिल्या महिन्यातच त्यांचं घरातलं सगळं छापील इंग्रजी वाचून झालं. वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेत त्यांना चार चुका सापडल्या. पाहुणे पुस्तकांच्या व्यवसायातले आहेत हे कळल्यावर फ्राऊ हान यांनी आपण होऊन पुस्तक आणून दिलं, आणि आत्मारामांनी ते आपल्या पद्धतीने, म्हणजे पेन्सिल हातात धरून वाचलं. पेन्सिल नसली तर त्यांना अक्षरं दिसत, पण वाचल्यासारखं वाटत नसे. संपदाने पहिल्याच दिवशी त्यांना "आजोबा, दास इस्ट फेरबोटन," असं बजावलं होतं. दुसऱ्याच्या पुस्तकात लिहायला इथे सक्त मनाई असते, हे सांगताना तिला मराठी शब्द सुचला नाही. आजोबांनी तिच्याकडे पाहून मान डोलावली आणि पान उलटलं.

शुभाचा नवरा भास्कर याने इंटरनेटवर दुसरी प्रत शोधली. ती कुठेच नव्हती. मग त्याने "आल्झो, मग पुसून टाक," असा सल्ला दिला आणि तो गाडीला हिवाळी टायर बसवायला निघून गेला. खोडरबराचा चुरा कागदाच्या डब्यात टाकायचा की उरलेल्या कचऱ्याच्या, हेही तो सांगून गेला नाही.

आत्माराम फिरून आले तेव्हा शुभा त्रेपन्नाव्या पानावर होती. बूट काढता काढता ते थांबले.

"काय करतेस?"

"पुसतेय, बाबा."

"चुका?"

"खुणा."

"म्हणजे चुका राहणार."

शुभाने खोडरबर खाली ठेवलं. "बाबा, त्यांच्या नवऱ्याचं पुस्तक आहे ते. बाईंनी जपून ठेवलेलं. त्यांना काय वाटेल? उद्या त्यांनी दारच उघडलं नाही, तर संपदाला मी कुठे ठेवू?"

आत्मारामांनी दुसरा बूट काढला, दोन्ही बूट नीट जोडीने ठेवले.

"फार चांगलं पुस्तक आहे गं," ते म्हणाले. "वाईट असतं तर मी कशाला हात लावला असता?"

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले. बाहेर आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. हातात आखलेला कागद होता: पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. एकूण एकसष्ट नोंदी, सुवाच्य. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, आणि शुभाला चपला सापडेपर्यंत समोरची बेल वाजलीसुद्धा.

फ्राऊ हान यांनी त्यांना बसवलं. आत्मारामांनी छापखान्यातल्या इंग्रजीत सगळं सरळ सांगितलं. मी तुमच्या पुस्तकात लिहिलं आहे, सून बावन्न पानांपर्यंत पुसत आली आहे, आणि पुसलेलं धरून सगळं या कागदावर आहे. शुभा त्याच वेळी जर्मनमधून माफी मागत होती, त्यामुळे दोघांचंही नीट ऐकू आलं नसावं. फ्राऊ हान यांनी चष्मा लावून यादी वरपासून खालपर्यंत पाहिली, आणि त्या उठून आतल्या खोलीत गेल्या.

शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या केंद्राची वेटिंग लिस्ट चौदा महिन्यांची आहे, हे शुभाला आठवलं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तेच पुस्तक होतं, पण दुसरी प्रत. कोपरे झिजलेले, पानोपानी लाल पेन्सिलच्या खुणा.

"दुसऱ्या आवृत्तीसाठी ते तपासत होते," त्या म्हणाल्या.

त्यांनी यादी शेजारी ठेवली आणि एकेक ओळ बोटाने लावून पाहू लागल्या. नववं पान, चौथी ओळ: दोन्हीकडे. सतरावं: दोन्हीकडे. एकतिसाव्या पानावर लाल खूण होती, यादीत काहीच नव्हतं. आत्मारामांचे कान लाल झाले.

"हे माझ्याकडून सुटलं," ते म्हणाले.

"त्यांना आनंद झाला असता," बाई पतीच्या लाल खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या.

एकशे चाळिसाव्या पानावर शेवटची लाल खूण होती. पुढची पानं कोरी. फ्राऊ हान यांनी ती दोनतीनदा उलटसुलट केली.

"इथे हॉस्पिटलात जावं लागलं."

यादीत अजून तेवीस नोंदी उरल्या होत्या. बाईंनी खणातून एक आखूड लाल पेन्सिल काढली, टोक केलं आणि दोन्ही हातांनी आत्मारामांपुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही.

"लेखकाच्या प्रतीवर मी लिहीत नाही. मी वाचतो, तुम्ही लिहा."

मग आत्माराम पान आणि ओळ सांगत गेले आणि बाई खुणा करत गेल्या. मध्येच एका टिपेवरून दोघांत थोडी वादावादी झाली आणि बाईंनी आपलं म्हणणं सोडलं नाही. आत्मारामांनी ती नोंद यादीतून खोडली. शुभा निघून जाऊ शकली असती. ती बसून राहिली.

शेवटच्या पानावर आत्मारामांनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे सही लागते. लेखकाची किंवा त्याच्या घरच्यांची. त्याशिवाय आमच्याकडे छापायला जात नाही."

छापणार कोण, हा प्रश्न शुभाच्या ओठांवर आला होता. तो तिने गिळला.

फ्राऊ हान यांनी कोरियन लिपीत तीन अक्षरं लिहिली. ती स्वतःच्या नावाची होती की पतीच्या, हे शुभाला कळलं नाही. आत्मारामांना त्यातलं एकही येत नव्हतं. त्यांनी चष्मा सारखा केला, पुस्तक जवळ ओढलं आणि ती तीनही अक्षरं डावीकडून उजवीकडे सावकाश तपासली.

"बरोबर," ते म्हणाले.