तुळशीभोवतीचा रूळ

मित्रांनो, मी एक जुने वाफेचे इंजिन आहे. एवढे ऐकून स्टेशनवरचे काळे धूड डोळ्यांसमोर आणू नका. मी हातभर लांब आणि जेमतेम वीतभर उंच आहे. पण मी खेळणे नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पोटात खरे पाणी उकळते, खाली स्पिरिटचा दिवा जळतो, आणि त्या पाण्याच्या वाफेवर माझी चाके फिरतात. मला किल्ली लागत नाही की सेल लागत नाही. मला खेळणे म्हणणाऱ्या एका पाहुण्याच्या बोटाला मी चटका दिला होता. त्याचे मला अजून वाईट वाटलेले नाही.

माझा जन्म बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात झाला. तिथे मारुतीराव टर्नर होते. पाळी संपली की मालकांच्या परवानगीने ते तासभर लेथ यंत्रावर थांबत आणि पितळेच्या तुकड्यांतून माझा एकेक अवयव घडवत. माझे पोट मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीमुळे झाले. तिचे नाव आक्काताई. खानापूरकडच्या एका खेड्यात, भातशेतीच्या घरी तिला दिले होते. तिच्याकडचा पाणी तापवायचा तांब्याचा बंब गळायला लागला, तेव्हा तिने तो मोडीत न घालता एसटीने भावाकडे पाठवून दिला. मला पुरे व्हायला चार वर्षे लागली. मारुतीरावांचे लग्न त्याच काळात राहून गेले. काही लोक त्याचे खापर माझ्यावर फोडतात.

सुरुवातीची वर्षे मोठ्या कौतुकात गेली. एका मोठ्या फळीवर लांबट गोल रूळ ठोकलेला होता, त्यावर मी धावत असे. शाळांची प्रदर्शने झाली. वडगावात गणपतीच्या मांडवात मी पाच दिवस धावले, तेव्हा तिथले विणकर आपले माग बंद करून बघायला आले होते. मुले माझ्या वाफेत हात घालून बघत आणि ओरडत पळत. खरे सांगायचे तर मला त्या फळीचा कंटाळा आला होता. चार हात गेले की वळण, पुन्हा चार हात गेले की वळण. आपल्याला मोकळ्या जमिनीवर धावायला मिळावे, अशी माझी फार इच्छा होती.

झाले उलटेच. मारुतीरावांचे काम वाढले, फळीला वाळवी लागली आणि मी पत्र्याच्या ट्रंकेत गेले. ठेवताना माझ्या पोटातले पाणी काढायचे राहून गेले. बारा वर्षे मी तशीच पडून होते. पाणी आटले, त्याचा पांढरा थर आत बसला, चाके जागच्या जागी अडकली. त्या बारा वर्षांत मला मारुतीरावांचा फार राग आला होता, हे कबूल करते.

निवृत्त झाल्यावर मारुतीरावांनी पिरनवाडीला छोटे घर बांधले. पुढे अंगण, अंगणाच्या मधोमध तुळस. आक्काताईच्या घरी तिच्या मागेपुढे कोणी उरले नव्हते, म्हणून ती भावाकडे राहायला आली. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायचे आणि पाच फेऱ्या मारायच्या, हा तिचा नेम. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली आणि मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, हाड जुळले. डॉक्टर म्हणाले, आता रोज चालायला हवे, नाहीतर पाय कायमचे जातील. पण आक्काताईच्या मनातून भीती जाईना. ती काठी धरून आतल्या खोलीतून सोप्यातल्या, म्हणजे घराच्या दर्शनी खोलीतल्या, खुर्चीपर्यंत येई आणि दिवसभर तिथेच बसे. मारुतीराव चल म्हणाले की ती चिडे. पुढे पुढे ते म्हणायचेही थांबले. तुळशीला पाणी तेच घालू लागले.

अशा दिवसांत त्यांनी माझी ट्रंक उघडली. त्यांनी मोबाइलवर परदेशातली बागेतली रेल्वे बघितली होती. आपल्या अंगणात अशी गाडी फिरली तर आक्का निदान बघायला तरी उठेल, असे त्यांच्या मनात आले. ते हे कोणाला बोलले नाहीत, पण माझे पोट लिंबाच्या रसाने धुताना त्यांची नजर सारखी सोप्याकडे जात होती. मग माझा राग राहिला नाही.

आता रूळ कसा आखतात ते तुम्हाला सांगते, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. मारुतीरावांनी आधी कागदावर अंगण काढले. मग मधोमध खुंटी ठोकून, दोरी लावून, पांढऱ्या फक्कीने जमिनीवर मोठा गोल ओढला. वळण जितके मोठे तितके मला सोपे. ते त्यांनी छान साधले होते. अडचण चढाची होती. आमचे अंगण घराकडे उंच आणि फाटकाकडे वीतभर खाली आहे. शंभर बोटे पुढे जाताना एक बोट चढ असेल तर मी हसत चढते. दोन बोटे असला तर धापा टाकते. पाच बोटे असला की माझी चाके जागेवरच फिरतात. म्हणून मारुतीरावांनी युक्ती केली. फाटकापासून कुंपणाच्या कडेने लांबून सावकाश चढत घराशी यायचे आणि सोप्यापुढून थोडक्यात झपकन फाटकाकडे उतरायचे. चढ सोपा आणि उतार आखूड. विटा बसल्या, सिमेंट झाले, रूळ जोडला. महिनाभर ते एकटेच राबले. आक्काताईला दारातून विटा दिसत, पण त्या कशासाठी ते त्यांनी सांगितले नाही, की तिला एका शब्दाने विचारले नाही. तिला अचानक गाडी दाखवून खूश करायचे होते.

तो दिवस मला चांगला आठवतो. माझ्या पोटात वाफ भरली, मारुतीरावांनी वाफेची कळ उघडली आणि मी आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर धावले. शिट्टी ऐकून आक्काताई खरेच उठली. काठी टेकत दारापर्यंत आली. मारुतीरावांचे तोंड आनंदाने फुलले. मीही जोर केला. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि आक्काताईचा चेहरा उतरत गेला.

"मारुती," ती म्हणाली, "तुळशीला उलटं कोण फिरतंय रं?"

तेव्हा आमच्या लक्षात आले. तुळशीला फेरी घालताना ती आपल्या उजव्या हाताला ठेवतात. मी सगळी फेरी तिला डाव्या हाताला ठेवून धावत होते. महिनाभर चढ-उताराचे गणित मांडणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती.

चूक कळल्यावर माणूस कधी कधी आणखी ताठ होतो. मारुतीराव म्हणाले, "आक्का, इंजिन हाय ते. त्याला काय उलटं नि सुलटं?"

आक्काताई वळली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी ती सोप्यातल्या खुर्चीतही आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. जेवणाचे ताट मारुतीराव खोलीतच नेऊन देऊ लागले.

चौथ्या दिवशी त्यांनी गुपचूप मला रुळावर उलट्या बाजूला तोंड करून ठेवले. म्हणजे आधी जो झपकन उतार होता तो आता चढ झाला. त्यांना वाटले, मी जोर करून चढेन. मित्रांनो, मी शर्थ केली. वाफ कोंडली, चाके गरगरली, पण मी हातभरही वर गेले नाही. त्यांनी मागून ढकलून मला वर आणले. आता पुढे सगळा सोपा उतार होता, पण कळ पूर्ण उघडी आहे हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. मी सुसाट निघाले आणि फाटकाजवळ रूळ सोडून कोलमडले. माझे धुराडे वाकले. गरम पाणी मातीत सांडले. मारुतीराव मला फडक्यात धरून तिथेच बसले. माझी त्यांना काळजी नव्हती, हे मला कळत होते. बहीण आता उठायची नाही, असे त्यांना वाटत होते आणि त्याचा दोष ते स्वतःला देत होते. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी छिन्नी घेऊन सगळ्या विटा उखडल्या. आता रूळ चढाचा नको, उताराचा नको, सगळीकडे एका पातळीत हवा. मग कुठल्याही बाजूने फिरता येते. फाटकाकडे वीतभर उंच विटा, घराकडे जमिनीलगत. त्यासाठी पातळी बघायला त्यांनी गवंड्याचा पाइप आणला. हा एक लांब पारदर्शक पाइप असतो. त्यात पाणी भरायचे आणि दोन्ही टोके दोन ठिकाणी उभी धरायची. दोन्हीकडचे पाणी एका पातळीत राहते. अंगणात गोल फिरून त्यांनी बारा बांबू रोवले. सगळे कमरेएवढे उंच होते. वाकायला लागू नये म्हणून ते उंच ठेवले असावेत, असे मला वाटले. पण कोणाला वाकायला लागू नये, ते मला त्या वेळी सुचले नाही.

पाइपचे काम एकट्याचे नव्हे. मारुतीरावांनी एक टोक पायरीजवळच्या पहिल्या बांबूला बांधले आणि दुसरे घेऊन पुढच्या बांबूकडे गेले. पाणी सांडू नये म्हणून टोकावर अंगठा दाबून धरला. पाणी हलेना. ते परत आले, गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा गेले. असे चार वेळा झाले. खिडकीतून आक्काताई बघत होती. ती जन्मभर भाताच्या खाचरात पाणी फिरवलेली बाई. खाचरात पाणी सगळीकडे सारखे उभे राहिले नाही तर भात जातो. तिला हे बघवेना.

"अंगठा काढ रं," ती आतून म्हणाली. "वारं आत जायला नगं व्हय?"

मारुतीरावांनी अंगठा काढला. पाणी हलले. पण त्यांनी खूण केली ती जागा आक्काताईला पटेना. काठी वाजली. ती दारात आली, मग पायरीवर आली. तुला पाणी दिसत नाही, चष्मा बदल, असे काहीतरी पुटपुटत तिने भावाच्या हातातले टोक घेतले आणि त्याला पायरीजवळच्या टोकापाशी उभे केले. तिथून हलायचे नाही, असे बजावले.

मी सोप्यात वर्तमानपत्रावर पडून होते. वाकड्या धुराड्यासकट सगळे बघत होते. आक्काताई दुसऱ्या बांबूपाशी गेली, बांबूला टेकली, पाणी थांबेपर्यंत थांबली, खडूने खूण केली. मग तिसऱ्यापाशी गेली. चौथ्यापाशी तिला धाप लागली. मारुतीराव पुढे आले, तशी ती टोक सोडलेस म्हणून रागावली. ते मुकाट्याने परत जाऊन उभे राहिले. फाटकाजवळच्या सातव्या बांबूपाशी खूण बांबूवर बरीच वर गेली. ती बघून आक्काताई म्हणाली, वीतभर नाही, वीत आणि दोन बोटे आहे. मारुतीरावांनी मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, पण ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर ती थांबली असती. नववा, दहावा, अकरावा. प्रत्येक बांबूला ती थोडी टेके आणि पुढे जाई. तुळस तिच्या उजव्या हाताला होती.

बाराव्या बांबूवर खूण करून ती पायरीशी पोचली आणि विचारले, "आता कुठला राहिला?"

"एकबी न्हाय, आक्का," मारुतीराव म्हणाले. "फेरी पुरी झाली."

आक्काताईने मागे वळून बघितले. अंगणभर बांबू उभे होते आणि मध्ये तुळस होती. मग पदराने तोंड पुसले आणि म्हणाली, "तुझ्या पाइपचा काय भरवसा न्हाय. उद्या परत मापूया."

पुढचे आठ दिवस त्यांनी रोज मापले. खुणा खडूच्या रेघेएवढ्याही हलल्या नाहीत. मला तेवढे दिवस रुळाशिवाय बसावे लागले आणि मी एरवी फार उतावीळ आहे, पण त्या आठ दिवसांबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. नंतर रूळ झाला. सोप्यापुढे रुळाचा एक तुकडा उचलून बाजूला ठेवता येईल अशा फळीवर बसवला आहे, म्हणजे आक्काताईला तुळशीकडे जाताना रूळ ओलांडावा लागत नाही. माझे धुराडे सरळ झाले, अगदी पूर्वीसारखे नाही. मी आता तुळस उजव्या हाताला ठेवून धावते.

मित्रांनो, माझे तुमच्याजवळ दोन गोष्टींचे मागणे आहे. घरात एखादे जुने यंत्र असेल तर ते ठेवून देताना कोरडे करून, तेल लावून ठेवा. ते बोलत नाही, पण वाट बघते. आणि घरात एखादे माणूस गप्प होऊन बसले असेल तर त्याला नुसते चल, ऊठ, फीर म्हणत राहू नका. तुमच्या कामाचे एक टोक त्याच्या हातात द्या, आणि ते काम त्याच्यावाचून खरेच अडू द्या.

रूळ होऊन आता दोन महिने झाले. आज सकाळी मारुतीराव पाइप गुंडाळून माळ्यावर टाकायला निघाले. आता रूळ पक्का बसला, काय मापायचे राहिले, असे ते म्हणाले. आक्काताई काठी घेऊन आधीच पायरी उतरली होती. तिने वळून न बघता पाइपच्या टोकासाठी हात मागे केला.

"तू धर तर खरं," ती म्हणाली.