डाव्या पायाचं स्थळ

खोक्यातल्या सहाव्या खाचेत चंद्रहास तगारेचाच आकार कोरलेला होता, अगदी चष्म्यासकट.

बाकीच्या पाच खाचांत सुटे भाग होते. लाल, पिवळे, हिरवे, कुणाची चाकं, कुणाचे हात. सहावी मात्र रिकामी, आणि तिच्यातला माणूस किंचित पोक काढून उभा. चंद्रहासनं चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. नाक तेच, जरा एकीकडे झुकलेलं. कानही तेच. त्यानं हाक मारली, "आत्या, जरा येतेस का?"

शकूआत्या हात पुसत आली आणि खोक्यात डोकावली.

"तूच की रे," ती म्हणाली. "पोक काढू नकोस म्हणून घसा कोरडा केला मी. बघ, तस्साच छापून आलास." आणि ती भडंगाची फोडणी करपेल म्हणून परत आत गेली.

आता चंद्रहासचं काम काय, ते आधी सांगायला हवं. खेळण्यांच्या एका मोठ्या दुकानाकडून त्याच्याकडे खोके यायचे. तो खेळणं जोडायचा, खेळून बघायचा, मोडायचा, पुन्हा जोडायचा आणि दहापैकी मार्क द्यायचा. इतका खडूस परीक्षक अख्ख्या सांगलीत शोधून सापडला नसता. कुणाची मान सैल, कुणाचा रंग उडालेला, कुणाचं चाक कुरकुरतं. सातच्या वर त्याचा हात म्हणून जात नसे. आणि देवाची करणी बघा, हाच माणूस मुली बघायला गेला की परीक्षेला बसायचा आणि दर वेळी नापास व्हायचा. निरोप ठरलेला: मुलगा चांगला आहे, पण. त्या 'पण'च्या पुढचं त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चाळिशी दाराशी येऊन चपला काढत होती. विचारलं की तो म्हणायचा, मला काय, मी मजेत आहे. साफ खोटं. आपणही कुणाच्या तरी शेजारी नीट बसावं, या इच्छेनं त्याचा जीव अगदी रडकुंडीला आलेला होता.

खोक्यावर चित्र होतं. अंगठ्याएवढे यंत्रमानव, प्रत्येक जण एकेका गाडीचा, आणि सगळे एकमेकांत अडकले की एक धिप्पाड मोठा यंत्रमानव. चित्रात त्या मोठ्याच्या डाव्या पायापुढे नेमकं एक झुडूप काढलं होतं.

चंद्रहास कामाला लागला. पहिला जेसीबी. खांद्यात हात बसला, टक्. जेसीबी उभा राहिला, त्यानं फावडं छातीशी नेऊन नमस्कार केला, आणि चंद्रहास खाली आला. पडला नाही हो. उंचीनं खाली आला. आता त्याचं डोकं दाराच्या कडीला लागत होतं. कपडेही बरोबरीनं आटले होते, ही त्यातल्या त्यात सोय.

क्रेन जोडली तेव्हा तो टेबलाखाली गेला. मग खुर्चीवर चढून टेबलावर आला आणि तिथंच मांडी घालून बसला. लाल बंब जोडून होईस्तोवर तो पाण्याच्या तांब्याएवढा झाला होता. काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती. चौथा रोलर. तिचं पुढचं मोठं चाक त्याला कवेत घेऊन ढकलत आणावं लागलं. हो, तिचं. ती रोलरबाई होती, आणि जोडताना त्याच्याकडे बघतही नव्हती.

शकूआत्या ताट घ्यायला आली. तिनं खाली वाकून बघितलं.

"अरे चंदू, मग आता भात किती लावू?"

"दोन शितं पुरतील बहुतेक."

"लोणचं?"

"नको आत्या, बुडेन."

पाचवी घंटागाडी. तिचा शेवटचा तुकडा चंद्रहासएवढाच होता. त्यानं पाठीनं रेटा दिला, टक् झालं आणि तो बरोबर अंगठ्याएवढा झाला. टेबल आता मैदानासारखं पसरलं होतं. भिंती कुठल्या कुठे गेल्या होत्या. पंखा आभाळात फिरत होता. खोका मात्र जवळ सरकला होता. चंद्रहासनं मागं पाऊल टाकलं की खोकाही पाऊलभर पुढे यायचा.

पाचही जण ओळीनं बशीच्या काठावर बसले. घंटागाडीनं घसा साफ केला.

"आम्ही बघायला आलोय," ती म्हणाली.

एवढं ऐकलं मात्र, शकूआत्यानं पदर सारखा केला. "अगं बाई! आधी कळवायचं नाही का? घर असं पडलंय." आणि पाहता पाहता तिनं भडंग आणलं. माणशी एक कुरमुरा. पाहुण्यांनी तो दोन्ही हातांनी धरून कुरतडायला घेतला. जेसीबीनं शेंगदाणा मागितला, तेव्हा बंबानं त्याला कोपर मारलं.

"मुलगा काय करतो?" बंबानं विचारलं.

"खेळण्यांना मार्क देतो," आत्या अभिमानानं म्हणाली.

"मग आम्हाला दे."

इतकी माणसं बघून झाली होती, पण चंद्रहासला कुणी असं विचारलं नव्हतं. गोड बोलावं, हे त्यालाही कळत होतं. पण जित्याची खोड. त्यानं चष्मा वर सारला आणि एकेकाभोवती फेरी मारली.

"जेसीबी, हात दणकट, पण कोपरात माती खाल्लीय. क्रेन, मान सुरेख, आकडा वाकडा. बंब, रंगाला तोड नाही, शिडी उगाच लावलीय. घंटागाडी..." तो थांबला.

"बोला."

"आवाज मोठा आहे. त्या मानानं झाकण लागत नाही."

शकूआत्यानं कपाळाला हात लावला. गेलं, हेही स्थळ गेलं!

मग घंटागाडी झाकण आपटत हसायला लागली. "आमच्या घरातही हेच म्हणतात," ती म्हणाली. "आणि रोलर?"

चंद्रहासनं रोलरकडे पाहिलं. तिनं खाली पाहिलं. "रोलर जड आहे," तो म्हणाला. मग त्याचे कान लाल झाले. "जड असायलाच हवी. मार्क मला ठरवता येत नाहीयेत."

"मुलामुलीला जरा बोलू द्या," क्रेन वरून म्हणाली. तिला वरून सगळं दिसत होतं.

दोघांना तांब्याच्या पलीकडे पाठवलं. तिथं सावली होती. चंद्रहासनं मनात छंद, वाचन, आवडता पदार्थ अशी नेहमीची जुळवाजुळव केली. पण रोलरनं भलतंच विचारलं.

"तुम्हाला थांबता येतं का?"

"म्हणजे?"

"मी उजवा पाय. मी पुढे गेले की डाव्यानं मागं उभं राहायचं. मग तो पुढे येणार आणि मी थांबणार. आधी एक जण आला होता. त्याला सारखं बरोबरच यायचं असायचं. आम्ही उड्या मारत चालायचो. बंबाचं पाणी सांडायचं."

"मला थांबायची सवय आहे," चंद्रहास म्हणाला. "मी तर आजवर तेवढंच केलंय."

रोलरला हसू आलं. तिचं मोठं चाक थोडं फिरलं आणि त्याच्या बुटाला हलकेच लागलं. बाई गं, काय सांगू! इतक्या वर्षांत इतकं साधं सुख त्याच्या वाट्याला आलं नव्हतं.

ते परत आले तो बशीवर बोलणी अडलेली. शकूआत्या कमरेवर हात ठेवून टेबलावर ओणवी झाली होती, आणि तिच्या श्वासानं क्रेन हलत होती.

"आमचा मुलगा पदवीधर आहे," आत्या म्हणत होती. "पाय म्हणून द्यायला नाही वाढवलेला. डोकं द्या."

"डोकं मी असते," घंटागाडी म्हणाली.

"तू? कचऱ्याची गाडी डोकं आणि आमचा चंदू पाय?"

"सगळ्या गावानं घरात नको म्हटलेलं मी डोक्यात ठेवते. दुसऱ्या कुणाला जमलंय का ते?"

पण हार मानील तर ती शकूआत्या कसली. "बरं, छाती द्या. नाहीतर हात. निदान उजवा पाय तरी! डावा म्हणजे अगदीच. चार लोकांत काय सांगू मी?"

"उजवा पाय मी आहे," रोलर हळूच म्हणाली.

"मोठी माणसं बोलतायत ना, बाळ."

बंबानं कुरमुऱ्याचा उरलेला तुकडा खाली ठेवला. "बाई, तुमचा मान मोठा, आम्हाला मान्य आहे," तो म्हणाला. "पण आमच्याकडे जागा एकच रिकामी आहे. निघतो आम्ही."

पाचही जण उठले आणि खोक्याकडे चालू लागले. खोका त्यांच्या दिशेनं सरकला नाही, तो चंद्रहासच्याच पाठीशी येऊन टेकला होता. जेसीबी आपल्या खाचेत आडवा झाला. क्रेननं मान मिटली. रोलर शेवटची होती. तिचं चाक टेबलावर गुरगुरत त्याच्या बाजूनं खोक्याकडे चाललं होतं, आणि चंद्रहासला वाटलं, आता ही आपल्यावरूनच गेली असती तरी बरं झालं असतं.

कुठल्याही बघण्याच्या कार्यक्रमात तो आजवर मधे बोलला नव्हता. पोह्यांत मीठ कमी आहे, एवढंसुद्धा नाही. पण आता तो ओरडला. अंगठ्याएवढा माणूस ओरडून ओरडून किती ओरडणार, तरी तांब्यात आवाज घुमला.

"आत्या, मला डावा पाय व्हायचंय!"

"चंदू, अरे..."

"मला डोकं नको. डोकं घेऊनच बसलोय इतकी वर्षं, एकटा."

शकूआत्या खुर्चीवर बसली. तिनं पदर डोळ्याला लावला. ती खरंच रडत होती. एक थेंब टेबलावर पडला आणि बंबानं सवयीनं मागं उडी मारली.

"डोकं झालास तर माझ्याकडे बघशील तरी," ती म्हणाली. "पायाकडे कोण बघतं रे?"

"नमस्कार करायचा तर लोक पायाशीच येतात की आत्या."

आत्यानं नाक ओढलं. हे तिला सुचलं नव्हतं. "माणसानं मोठं होऊन असं उलटून बोलू नये," ती पुटपुटली. मग ती उठली, आणि तिचं रडं कुठं गेलं देव जाणे. "ठीक आहे. पण असं टेबलावर, उभ्या उभ्या नाही हं. सगळं रीतसर व्हायला हवं. चला, सगळे दाराबाहेर!"

तिनं सहाही जणांना ओंजळीत घेतलं आणि उंबऱ्याबाहेर जिन्याच्या कठड्याशी नेऊन ठेवलं. तिथं जोडणी झाली. बंब मधे, हात दोन्हीकडे, वर घंटागाडी. रोलर उजवीकडे लागली. डावीकडची जागा मोकळी होती आणि सगळं धूड तिकडे कलायला लागलं होतं. चंद्रहास त्याखाली जाऊन उभा राहिला. पोक गेलं, कारण त्याला जागाच नव्हती. टक्.

तो आवाज त्याच्या हाडांत शिरला. हजार वेळा तो त्यानं बाहेरून ऐकला होता. आतून तो असा असतो हे त्याला माहीत नव्हतं.

"कसं वाटतंय?" वरून बंबानं विचारलं.

"घट्ट," चंद्रहास म्हणाला. त्याला हसू आवरेना.

तेवढ्यात शकूआत्यानं औषधाच्या बाटलीचं झाकण तांदळानं शिगोशीग भरलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. निरांजन लावलं. कुंकवाचं बोट घंटागाडीच्या झाकणाला टेकवलं, आणि मग थोडं थांबून, पार खाली वाकून, डाव्या पायालाही टेकवलं.

"हं, या आता घरात," ती म्हणाली. "माप ओलांडा. आणि आधी उजवा पाय! उजवा हं!"

घंटागाडीनं वरून आज्ञा दिली. रोलरनं चंद्रहासकडे एकदा बघितलं. मग तिचं ते जडशीळ चाक जमिनीवरून सुटलं, आणि त्याबरोबर जेसीबी, क्रेन, पाण्यानं भरलेला बंब, कचऱ्यानं भरलेली घंटागाडी आणि रोलर, सगळेच्या सगळे चंद्रहासवर आले. त्याचा चष्मा नाकावरून घसरला. वर सारायला हात मोकळा नव्हता. बुटाखालची फरशी किंचित दबली.

"डावीकडे काय म्हणतंय?" वरून घंटागाडीनं हाक दिली.

"उभा आहे!" चंद्रहास म्हणाला.

रोलरचं पाऊल तांदळाच्या वर, हवेत थांबलेलं होतं.