भिकनच्या वाट्याची मशीनं

गुजरातेतल्या नवागामच्या एका लूमखात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, लोक भिकनच्या हाताची शपथ खायचे. धागा तुटायच्या आधीच त्याला कळतं, असं म्हणायचे. भिकननेही ते कधी खोडून काढलं नाही. चार माणसं बरं बोलत असताना मध्ये तोंड कशाला घालायचं?

म्हणूनच शेठचं बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं. "सगळ्यांत जास्त डाग तुझ्या ताक्यांत निघतात. डोळे गेले तुझे. येत्या पगारापासून मशीन सोड आणि कापडाच्या घड्या घालायला बस." आणि कालपरवा लागलेल्या चेतनचं कापड म्हणे स्वच्छ!

घरी आल्यावर सगळा राग निघाला वर्षावर. पोरगी दहावीत गेली होती. दहावीला गणिताच्या दोन पेपरांतून एक निवडायचा, सोपा बेसिक किंवा अवघड स्टँडर्ड. पुढे सायन्सला गणित हवं तर स्टँडर्ड घ्यावा. वर्षाला तोच हवा होता.

"बेसिकच ली ले," भिकन म्हणाला. "शेजारनी चंचलले बेसिकमा नव्वद पडनात. तुले कमी पडतीन, मंग लोके हसतीन."

"आबा, सोपा पेपरना नव्वद आणि अवघड पेपरना सत्तर, तू एकच तराजूमा कसा तोलस?"

एवढं बोलून ती थबकली. मग तिने भलतंच विचारलं. "तुले मशीनं कोन वाटी देस?"

"सुकदेव मास्तर." खात्यातल्या मशीनांची देखरेख त्याच्याकडे होती. एवढ्या दुःखातही भिकनची मान ताठ झाली. "जे मशीन कोनंच ऐकत नही, ते मनाकडे. वाकडं मशीन मनाशिवाय कोन चालाडी?"

वर्षा हसली. खात्याची रीतच होती, चांगल्या हाताला खराब मशीन. भिकन तो मान समजून मिरवत होता. आणि महिन्याअखेर शेठ सगळ्यांचे डाग एकाच रांगेत लावून बघत होता. सारख्याचीच तुलना सारख्याशी करावी, हे वर्षाकडून शाळेत सरासरी शिकवताना बाईंनी घोटून घेतलं होतं.

सकाळी ती बापाबरोबर खात्यात गेली आणि शेठशी फाडफाड गुजरातीत बोलली. आठवडाभर रोज चिठ्ठ्या टाका, कोणी कुठलं मशीन चालवायचं ते चिठ्ठी ठरवेल. मशीनं मास्तरांनी वाटली, तर वाकडी परत आबांकडेच जातील. शेठने डोकं खाजवलं, पण यात त्याच्या खिशाला काही तोशीस नव्हती. तो हो म्हणाला.

भिकनला मात्र घाम फुटला. वाकड्या मशीनची निदान सबब तरी होती. सरळ मशीनवरही डाग निघाले, तर तोंड कुठे लपवायचं? पहिल्या चिठ्ठीत त्याला चेतनचं गुणी मशीन आलं. संध्याकाळी ताका उलगडला तर नखाएवढाही डाग नव्हता. भिकनने तो पुन्हा उलगडून बघितला.

आठवडा सरला तेव्हा सगळं उघड झालं. वाकड्या मशीनांवर प्रत्येकाचं कापड डागाळलं, आणि त्यातल्या त्यात कमी डागाचं कापड भिकनचं. चेतनने तर त्या मशीनांना कोपरापासून हात जोडले. "काका, तुम्ही एवढे दिवस हे कसं ओढलं?" त्याने विचारलं. भिकनने आनंदाने त्याच्या पाठीवर थाप मारली.

शेठने मशीनं दुरुस्तीला काढली. घड्या घालायचं नाव परत निघालं नाही. मग वर्षाकडे बघत त्याने, पोरगी काय शिकते, असं विचारलं, "भिकनभाई, दीकरी शुं भणे छे?"

वर्षा बोलणार, तेवढ्यात भिकनच म्हणाला, "गणित, शेठ. स्टँडर्डवाळुं."

पोरीने चमकून बापाकडे पाहिलं. बाप छताकडे बघत होता.

संध्याकाळी गल्लीत भिकन पेढे वाटत फिरला. चंचलची आई शोभाबाई पेढा हातात घेऊन बुचकळ्यात पडली. "परीक्षा तं आजून व्हयनी नही. पेढा कसाना?"

"मनी पोर अवघड पेपर देई, त्याना," भिकन म्हणाला. "निकालनं मंग देखूत."